शस्त्रचाचण्यांना पर्यावरण कायद्यातून सूट आहे का? एक खुलासा

अमेरिकेत लष्करी शस्त्रचाचण्यांना पर्यावरणीय आढाव्यातून सरसकट सूट असते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. १ जानेवारी १९७० रोजी लागू झालेला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा केंद्र सरकारच्या सर्व यंत्रणांना उद्देशून आहे. अलास्कातील अमचित्का बेटावर ६ नोव्हेंबर १९७१ रोजी, सुमारे १,८०० मीटर खोलीवर झालेल्या ‘कॅनिकिन’ अणुचाचणीसाठीसुद्धा अणुऊर्जा आयोगाला या कायद्यानुसार पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार करावा लागला होता, आणि त्यात विरोधी शास्त्रीय मतांची पुरेशी दखल घेतली आहे का, यावर न्यायालयात वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी स्थगिती नाकारली आणि काही तासांतच स्फोट झाला. मात्र स्थगिती न मिळणे म्हणजे कायदा लागू नसणे नव्हे; ही गल्लत फार महाग पडते, कारण लोक अहवाल मागणेच सोडून देतात. गुप्ततेच्या बाबतीतही हवाई बेटांवरील नौदलाच्या शस्त्रसाठ्याविषयीच्या १९८१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोपनीय माहिती जाहीर करण्याचे बंधन नाकारले, कायदा मात्र नौदलाला लागूच मानला. खरी सूट अन्यत्र आहे: सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षण कायद्यातून, २००३ च्या दुरुस्तीनुसार, संरक्षणमंत्री एका वेळी कमाल २ वर्षांची सूट देऊ शकतात.