साखरेची नियंत्रणमुक्ती

साखर किती विकायची, कधी विकायची आणि त्यातली किती सरकारला पडत्या भावात द्यायची, हे दिल्लीतून ठरायचं ते टप्प्याटप्प्याने बंद होत गेलं, त्या सगळ्या प्रकाराला नियंत्रणमुक्ती म्हणतात. कागदोपत्री शब्द 'डीकंट्रोल', सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर मात्र नुसतं 'लेव्ही गेली' एवढंच बोलतात (लेव्ही म्हणजे सरकारला द्यायचा साखरेचा वाटा). देशाची अर्थव्यवस्था परवाना-कोट्यातून बाजाराकडे कशी सरकली हे बघायला हे उदाहरण चांगलं, कारण इथे ते एका फटक्यात झालेलं नाही आणि पूर्ण तर अजूनही झालेलं नाही. साखर विकायच्या टोकाला मोकळीक मिळाली, ऊस घ्यायच्या टोकाला नाही, असं धरूनच ही नोंद लिहिलीय. ऊस कसा पिकतो, गाळप कसं चालतं हे सांगत बसत नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या रानात आडसाली नाहीतर खोडवा उभा असणार.

मुक्ती नेमकी कधीची

यावर एकमत नाही. अर्थशास्त्रावर लिहिणारे बहुतेक जण १९९१ धरतात. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, सोनं गहाण पडलं, २४ जुलैला मनमोहन सिंगांनी बजेट मांडलं आणि त्याच दिवशी नवं औद्योगिक धोरण आलं. पण त्या धोरणात १८ उद्योगांना परवाना कायम ठेवला होता आणि त्या यादीत साखर होती, म्हणजे बाकीचा देश मोकळा झाला तरी कारखाना काढायला दिल्लीचं लायसन लागतच होतं. दुसरं मत १९९८ चं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लायसन गेलं, अट उरली ती दोन कारखान्यांमधल्या अंतराची, केंद्राची १५ किलोमीटर आणि पुढे महाराष्ट्राने ती २५ केली. तिसरं मत २०१३ चं. साखरेवरची नियंत्रणं तपासायला केंद्राने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल ऑक्टोबर २०१२ मध्ये आला, एप्रिल २०१३ मध्ये केंद्राने लेव्ही बंद केली आणि महिन्याचा विक्री कोटाही काढून टाकला. लायसन नवा कारखाना काढणाऱ्याला लागायचं, कोटा मात्र चालू असलेल्या प्रत्येक कारखान्याला दर महिन्याला लागायचा, त्यामुळे २०१३ च जास्त पटण्यासारखं वाटतं.

पण या तिन्ही मतांत एक गोष्ट सुटते, ती म्हणजे साखर याच्या आधीही अनेकदा 'मुक्त' झालेली आहे. युद्धकाळात १९४२ ला नियंत्रण आलं. डिसेंबर १९४७ मध्ये ते उठलं, गांधीजी तेव्हा नियंत्रणं काढा म्हणून रोजच्या प्रार्थनासभेत बोलत होते आणि अन्नमंत्री राजेंद्रप्रसाद होते. भाव चढले, टंचाई झाली आणि १९४९ ला नियंत्रण परत आलं. मग १९५० च्या दशकात थोडं सैल, १९६१ ला मोकळं, १९६३ ला परत बंद. १९७१ च्या मे महिन्यात मोकळं, पुढच्या वर्षी परत अर्धवट बंद. ऑगस्ट १९७८ मध्ये जनता सरकारने पूर्ण मोकळं केलं, आदल्या हंगामात देशात ६४-६५ लाख टन साखर झालेली, त्यामुळे भाव जे कोसळले ते कोसळलेच, आणि पाठोपाठ दुष्काळ पडून साखर दिसेनाशी झाली तशी डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण पुन्हा हजर. साखर जास्त झाली की सोडायची आणि कमी पडली की धरायची, हा झोका १९९१ च्या कितीतरी आधीपासून चालू होता. म्हणून १९९१ नंतरच्या मोकळिकीला 'पहिली' म्हणणं बरोबर नाही, फार तर सगळ्यात जास्त टिकलेली म्हणता येईल.

लेव्ही आणि रिलीज

आधी लेव्ही म्हणजे काय ते, कारण आता तिशीतल्या पोरांना हा शब्दच माहीत नसतो. १९६६-६७ ला पाऊस गेला, साखरेचा भाव सरकारने बांधलेला आणि गुळाला मात्र कुणी हात लावलेला नाही, साहजिकच ऊस कारखान्याकडे न जाता गुऱ्हाळाकडे चालला. कारखान्यांना उसाला जास्त दर देता यावा म्हणून १९६७ मध्ये तोड निघाली: ६० टक्के साखर रेशनसाठी ठरलेल्या भावात सरकारला, ती लेव्ही, आणि ४० टक्के बाजारात, ती फ्री. या दोन भावांच्या पद्धतीमागे गुऱ्हाळ होतं हे विसरून चालत नाही, नाहीतर ती नुसती समाजवादी हौस वाटते. हे प्रमाण पुढे बदलत गेलं, कधी ७० पर्यंत चढलं, नव्वदच्या दशकात ४० वर होतं, २००० ला ३०, त्यानंतर १५ आणि शेवटी १० टक्क्यांवर आलं आणि २००९-१० च्या हंगामात २० झालं तेवढं सोडलं तर २०१३ पर्यंत तसंच राहिलं.

गोदामात मात्र पोती सारखीच. तीच साखर, तेच तागाचं पोतं, फरक फक्त रजिस्टरात. फ्री साखरही नावालाच फ्री, कारण दर महिन्याला दिल्लीहून रिलीज ऑर्डर यायची, या महिन्यात इतकी विका म्हणून, आणि तेवढी त्या महिन्यात नाही विकली तर उरलेली लेव्हीत धरली जायची. त्यामुळे महिनाअखेर आली की टेंडरला व्यापाऱ्यांचाच जोर, त्यांना माहीत असायचं की याला विकायचीच आहे. गेटबाहेर ट्रकांची रांग लागायची ती त्याच आठवड्यात.

घरात लेव्ही म्हणजे कार्डावरची साखर. दिवाळीच्या आधी रेशन दुकानापुढे पिशव्या ओळीने ठेवून माणसं कट्ट्यावर बसलेली असत, पिशवी म्हणजेच नंबर. शिवाय कारखान्याच्या सभासदाला सवलतीची साखर वेगळी, म्हणजे शेअर असलेल्या घरात करंज्या जरा जास्त गोड. रेशनचा भाव २००२ पासून किलोला १३ रुपये ५० पैसे होता. लेव्ही गेल्यावर केंद्राने राज्यांना किलोमागे १८ रुपये ५० पैसे अनुदान देऊन ती बाजारातून घ्यायला सांगितलं आणि २०१७ पासून हे अनुदान फक्त अंत्योदय कार्डांपुरतं उरलं.

सांगली-सातारा

फलटण तालुक्यातल्या साखरवाडीचा खासगी कारखाना १९३० च्या दशकातला, १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने जावा साखरेवर जकात बसली त्या लाटेतला. स्वातंत्र्यानंतर लायसन देताना सहकाराला झुकतं माप मिळालं आणि त्यातून सांगलीचा वसंतदादांचा, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, भुईंजचा किसन वीर असे कारखाने उभे राहिले. म्हणजे ज्याला परवाना-राज म्हणून नावं ठेवतात त्याच्याच सावलीत इथला सहकार वाढला, ही गोष्ट सुधारणांच्या बाजूने लिहिणारे सहसा पटकन उरकतात.

या सावलीची दुसरी बाजू झोनबंदी. १९८४ च्या राज्य आदेशाने प्रत्येक कारखान्याला गावं वाटून दिली, आपल्या झोनमधल्या उसावर त्याच कारखान्याचा हक्क, शेजारचा शंभर रुपये जास्त देत असला तरी ऊस तिकडे नेता येत नसे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने यावर रान उठवलं. पुढे झोन गेले, पण बंदीची हौस गेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने ऊस परराज्यात न्यायला बंदी घातली, मिरज-जतच्या शेतकऱ्याला अथणी-कागवाडकडचे कारखाने जवळचे, ओरड झाली आणि काही दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. सहकाराचंही रूप बदललं, खासगी कारखाने आले आणि सांगलीचा वसंतदादा कारखाना २०१७ पासून भाडेतत्त्वावर खासगी कंपनीकडे आहे.

तोडणी टोळ्यांना यातल्या कुठल्याच मुक्तीचा संबंध नाही. बीडकडून येणारी जोडी आजही मुकादमाकडून 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊनच येते. गंमत म्हणजे शेतकऱ्याच्या पहिल्या हप्त्यालाही इथे 'पहिली उचल'च म्हणतात.

न सुटलेलं टोक: उसाचा दर

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने केंद्र किमान दर ठरवायचं, त्याला एसएमपी म्हणत. १९७४ ला भार्गव सूत्राने नफ्यातला वाटा जोडला. २००९ मध्ये हे दोन्ही जाऊन एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आली, पहिल्या वर्षी क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे, साडेनऊ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसाच्या वजनात निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). पैसे १४ दिवसांत, नाहीतर १५ टक्के व्याज, हे कायद्यात आधीपासून आहे (व्याज हातात पडलेला शेतकरी शोधावा लागेल). २०१३ मध्ये राज्याने कायदा करून उत्पन्नाची ७०:३० वाटणी आणली, सत्तर शेतकऱ्याला.

इथे उताऱ्याचा पाया जरा बारकाईने बघायला हवा, कारण बातमीत फक्त वरचा आकडा येतो. २०१७-१८ ला एफआरपी २५५ होती, पाया ९.५ टक्के आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ६८ पैसे. पुढच्या वर्षी २७५ झाली, पण पाया १० टक्के केला आणि ०.१ ला २ रुपये ७५ पैसे. कृष्णाकाठचा उतारा १२ धरला तर आदल्या वर्षी टनाला ३,२२० रुपये बसतात आणि नव्या वर्षी ३,३००. जाहीर वाढ टनाला २०० ची, हातात ८०, आणि तेही तोडणी-वाहतूक कापायच्या आधीचे. २०२२-२३ ला पाया परत सरकून १०.२५ झाला. पाया सरकवणं हे दर न वाढवता दर वाढवल्याचं दाखवायचं हत्यार आहे, असं इथले संघटनावाले म्हणतात आणि आकड्यांत तरी ते चूक दिसत नाही. २०२५-२६ ची एफआरपी ३५५ आहे.

जागतिक बाजार आणि परतलेलं नियंत्रण

१९९४ मध्ये साखर टंचाईत शून्य जकातीवर आयात खुली झाली, पुढे जकात खालीवर होत २०१८ ला १०० टक्के झाली. निर्यात अनुदानावरून २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला आणि भारताने अपील केलं. त्यांच्या आक्षेपात एफआरपीही होती, म्हणजे वाळव्याच्या उसाचं बिल जिनिव्हापर्यंत पोचलं. २०२२ मध्ये निर्यातीवर १ कोटी टनांची मर्यादा घातली ती आपल्याच सरकारने.

देशातही २०१३ ची मोकळीक पाचच वर्षं पुरली. साखर जास्त झाली, भाव पडले, उसाची बिलं थकली आणि जून २०१८ मध्ये महिन्याचा विक्री कोटा परत आला, या वेळी भाव पडू नयेत म्हणून. सोबत साखरेला किमान विक्री दर, आधी २९ आणि फेब्रुवारी २०१९ पासून ३१ रुपये किलो. एफआरपी दरवर्षी चढत राहिली आणि २०२४-२५ चा हंगाम संपला तरी हा ३१ तिथंच होता. मधली फट इथेनॉलने भरेल असं धरून कारखान्यांनी डिस्टिलऱ्या काढल्या, त्यावर डिसेंबर २०२३ मध्ये रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले, नंतर ते उठले.

मे २०२५ मध्ये १९६६ चा साखर नियंत्रण आदेश जाऊन नवा आला. त्यात रोज ५०० टनांवर ऊस गाळणारे खांडसरीवालेही (जुन्या पद्धतीने कच्ची साखर करणारे) घेतलेत. कराडकडची गुऱ्हाळं त्यात नाहीत, ती १९६७ सारखीच बाहेर आहेत.