ट्रान्झिस्टर आकसले, मग चिप का तापू लागली?

१९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. ट्रान्झिस्टर म्हणजे चिपवरचा सूक्ष्म स्विच; त्याची लांबी-रुंदी, त्यातल्या ऑक्साइडच्या विद्युतरोधक थराची जाडी आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात घटवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, ते जास्त वेगाने चालतात आणि चिप मात्र पूर्वीइतकीच तापते, असं त्यात दाखवलं होतं. चिपवरच्या ट्रान्झिस्टरची संख्या साधारण दर दोन वर्षांनी दुप्पट होते, हा मूर यांचा नियम सगळ्यांना पाठ असतो; पण तो इतकी वर्षं परवडला तो या हिशेबामुळे, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब करून पाहाच. स्विचिंगला, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करायला लागणारी वीज ही कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता), व्होल्टेजचा वर्ग आणि फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती वेळा चालू-बंद) यांच्या गुणाकारावर ठरते. मापं ०.७ पट केली की कपॅसिटन्स ०.७ पट, व्होल्टेजचा वर्ग ०.४९ पट, फ्रिक्वेन्सी १.४ पट. गुणाकार जवळपास निम्मा, आणि ट्रान्झिस्टरची जागाही निम्मी. म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागे उष्णता जैसे थे. आता व्होल्टेज न घटवता हेच करा: वीज पूर्वीइतकीच, जागा निम्मी, उष्णता दुप्पट.

नेमकं तेच झालं. व्होल्टेज ५ वरून ३.३, मग १.२ व्होल्टच्या आसपास आलं आणि अडलं. ते आणखी उतरवायचं, तर ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो तो थ्रेशोल्डही उतरवावा लागतो, नाहीतर वेग जातो; आणि थ्रेशोल्ड उतरवला की बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट गळतो. खोलीच्या तापमानाला ही गळती दहापट कमी करायला गेटवर, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकावर, किमान ६० मिलिव्होल्ट खर्ची पडतात. ट्रान्झिस्टर कितीही लहान करा, हा आकडा हलत नाही. त्यात चिप-तंत्राच्या ‘९० नॅनोमीटर’ पिढीत गेटखालचा ऑक्साइडचा थर १.२ नॅनोमीटरवर, जेमतेम पाच अणूंच्या जाडीवर आला होता आणि इलेक्ट्रॉन त्यातूनही आरपार जात होते. १९७४ मध्ये ही गळती इतकी नगण्य होती, की ती हिशेबात धरण्याचं कारणच नव्हतं.

२००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ प्रोसेसर रद्द केला, त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ देखील. पुढच्या वर्षी त्याचे दोन कोअरचे, म्हणजे एकाच चिपवर दोन गणन-केंद्रं असलेले प्रोसेसर आले. २००७ मध्ये हाफ्नियमयुक्त थराने गेटमधली गळती आवरली, नंतर फिनफेटने, म्हणजे गेट तीन बाजूंनी वेढणाऱ्या उभ्या रचनेने, ट्रान्झिस्टर घट्ट बंद होऊ लागला. तरी चिपवरचे सगळे ट्रान्झिस्टर एकाच वेळी पूर्ण वेगाने चालवणं आजही परवडत नाही. फोनच्या चिपमध्ये कॅमेरा, व्हिडिओ, ग्राफिक्स यांचे भाग वेगवेगळे ठेवतात आणि काम नसेल त्या भागाची वीज तोडतात, ते यामुळेच.