प्रथिनांचं वजन करणाऱ्यांची वाट कशी घडली

गोव्यात बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करून प्रोटिओमिक्सकडे, म्हणजे नमुन्यातली प्रथिनं एकगठ्ठा ओळखण्या-मोजण्याच्या शास्त्राकडे, वळू पाहणाऱ्यांची सहसा समजूत असते, की हे काम म्हणजे एका महागड्या यंत्रासमोर बसणं. प्रत्यक्षात या शास्त्रज्ञाचा निम्म्याहून जास्त वेळ पिपेट आणि जेलमध्ये जातो, आणि उरलेला बहुतेक संगणकासमोर. असं का झालं, ते या तंत्राच्या इतिहासातून कळतं.

ते यंत्र म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर. तो जन्मला भौतिकशास्त्रज्ञांच्या हाती. जे. जे. थॉमसन यांना 1912-13 च्या सुमारास निऑनचे 20 आणि 22 वस्तुमानाचे अणू वेगळे दिसले. त्यांचे सहकारी अ‍ॅस्टन यांनी 1919 मध्ये नेमकं यंत्र बांधलं आणि 1922 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पुढची कित्येक वर्षं हे यंत्र समस्थानिकं मोजणाऱ्यांचं आणि तेल कंपन्यांचं होतं. अडचण साधी होती. मोजायचा पदार्थ आधी वायुरूप आणि विद्युतभारित व्हायला हवा, आणि प्रथिन तापवलं तर त्याची वाफ होत नाही, ते करपतं.

त्यामुळे प्रथिनांमधला अमिनो आम्लांचा क्रम शोधणारे दुसऱ्याच वाटेने गेले. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनची 51 अमिनो आम्लं सुमारे दहा वर्षांच्या कष्टानंतर 1955 पर्यंत लावली. पेर एडमन यांची 1950 ची पद्धत साखळीच्या टोकापासून एकेक अमिनो आम्ल कापत जाते. ती आजही उपयोगी आहे, पण टोकावर अ‍ॅसिटिल गट बसलेला असेल तर पहिल्याच पायरीला अडते. दरम्यान एमआयटीत क्लाउस बीमन यांनी छोटी पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या) रासायनिक बदल करून यंत्रात घालायला सुरुवात केली होती. 1981 मध्ये मँचेस्टरला मायकल बार्बर यांनी ग्लिसरॉलमध्ये विरघळवलेल्या पेप्टाइडवर वेगवान अणूंचा मारा करून अखंड आयन मिळवले. तरीही मोठी प्रथिनं आवाक्याबाहेरच राहिली.

खरी कोंडी फुटली 1985 ते 1989 या चार-पाच वर्षांत. क्योटोला शिमाझू कंपनीतल्या कोइची तानाका यांनी कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी चुकून ग्लिसरॉलमध्ये मिसळली, महाग भुकटी फेकायची नाही म्हणून तशीच वापरली, आणि लेझरच्या झोताने सुमारे 35,000 डाल्टनचं (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वस्तुमान) प्रथिन अखंड उडालं. जर्मनीत हिलेनकॅम्प आणि कारास यांनी सेंद्रिय स्फटिकांचा आधार वापरून 1988 मध्ये 67,000 डाल्टनचं अल्ब्युमिन मोजलं. येल विद्यापीठात सत्तरी ओलांडलेले जॉन फेन यांनी तिसरा मार्ग काढला. द्रावण सुईतून उच्च विद्युतदाबाखाली फवारायचं, थेंब आटत जातात आणि प्रथिनावर अनेक भार बसतात. यंत्र वस्तुमान भागिले भार मोजतं, म्हणून 40,000 डाल्टनच्या प्रथिनावर 40 भार बसले तर यंत्राला ते हजाराच्या आसपास दिसतं, म्हणजे मोठे आकडे न पेलणारं साधं क्वाड्रुपोल यंत्रही पुरतं. 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग फेन आणि तानाका यांना मिळाला. आज प्रयोगशाळांत जी माल्डी (स्फटिकांच्या आधारातून लेझरने आयन उडवण्याची) पद्धत चालते ती हिलेनकॅम्प-कारास यांची आहे, कोबाल्टची नव्हे. त्यांना त्या यादीत जागा मिळायला हवी होती.

यानंतर कामाचं स्वरूप झपाट्याने पालटलं. 1993 मध्ये वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं, की ट्रिप्सिन या विकराने प्रथिन कापून तुकड्यांची वस्तुमानं माहितीसाठ्याशी ताडली तर प्रथिन ओळखता येतं. 1994 मध्ये एंग, मॅककॉर्मॅक आणि येट्स यांची, यंत्रातल्या नोंदी माहितीसाठ्याशी ताडणारी सीक्वेस्ट ही आज्ञावली आली. जेलमधला डाग कापून त्यातच प्रथिन पचवण्याची 1996 ची रीत थोड्याफार फरकाने आजही चालते. तुकडे साधारण 1 मिलिमीटरचे करायचे, प्रथिनातले डायसल्फाइड बंध सोडणारं 10 मिलिमोलर डीटीटी घालून 56 अंशांवर ठेवायचे, मग सुटलेले बंध पुन्हा जुळू नयेत म्हणून 55 मिलिमोलर आयोडोअ‍ॅसिटामाइडमध्ये अंधारात, आणि शेवटी ट्रिप्सिनमध्ये 37 अंशांवर रातभर. 2005 मध्ये मकारोव यांचं ऑर्बिट्रॅप हे अतिशय अचूक मास स्पेक्ट्रोमीटर बाजारात आलं, आणि एका नमुन्यात हजारो प्रथिनं ओळखणं नित्याचं झालं. 2014 मध्ये मानवी प्रथिनांचा आराखडा प्रसिद्ध झाला, 17,294 जनुकांची प्रथिनं त्यात होती. त्या कामात बेंगळूरुच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मॅटिक्सचा मोठा वाटा होता. या क्षेत्रात यायचं तर परदेशच गाठायला हवा, ही समजूत तेव्हाच मोडायला हवी होती.

गोव्याचं नातं समुद्रामुळे येतं. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय दोनापावलला आहे. सागरी जीवांची प्रथिनं अभ्यासायला निघालेल्याचा पहिला शत्रू मात्र मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. फवारणीत ते आयन होण्याची क्रिया दाबून टाकतात, आणि वर्णपटात (यंत्राने काढलेल्या वस्तुमानांच्या आलेखात) प्रत्येक शिखराशेजारी सोडियमचं 22 ने जास्त असलेलं जोडशिखर उभं करतात. पुस्तकी उपाय म्हणजे चौपट थंड अ‍ॅसिटोन घालून प्रथिन साक्यात आणणं. खारट नमुन्यात त्याच अ‍ॅसिटोनने मीठही खाली बसतं, आणि पांढरा साका भरपूर दिसल्यावर नवखा माणूस खूश होतो. अशा वेळी मिथेनॉल-क्लोरोफॉर्म बरं: नमुना एक भाग, मिथेनॉल चार, क्लोरोफॉर्म एक, पाणी तीन. प्रथिन दोन थरांच्या मधल्या सीमेवर जमतं, म्हणून वरचा थर काढताना घाई करायची नाही.

पेप्टाइड लहान असेल तर हेही चालत नाही. कोन शंखाच्या विषातून आलेलं झिकोनोटाइड हे वेदनाशामक अमेरिकेत 2004 मध्ये मंजूर झालं. त्यात 25 अमिनो आम्लं आहेत, वस्तुमान सुमारे 2,639 डाल्टन. 3,500 डाल्टनच्या पडद्याची डायलिसिस पिशवी लावली तर मिठाबरोबर पेप्टाइडही वाहून जातं. इथे सी-18 ची टीपच लागते, म्हणजे पेप्टाइड धरून ठेवणारं भरण असलेलं पिपेटचं टोक. आधी अ‍ॅसिटोनायट्राइलने ओली करायची, मग आम्लयुक्त पाण्याने, नमुना भरून पुन्हा आम्लयुक्त पाण्याने धुवायचा आणि 50-60 टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलने उतरवायचा.

या पेप्टाइडमध्ये सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल सहा वेळा येतं आणि त्यांना दोन-दोन करून जोडणारे तीन डायसल्फाइड बंध आहेत. बंध सोडले की वस्तुमान 6 ने वाढून 2,645 होतं, प्रत्येक सिस्टीनवर 57 चा गट बसवला की सुमारे 2,987. म्हणजे मूळ आणि प्रक्रिया केलेला असे दोन नमुने शेजारी मोजले, की 348 च्या फरकाला 58 ने (बंध सुटल्याचा 1 आणि गटाचे 57) भागून अनोळखी विषातल्या सिस्टीनची संख्या मिळते. भारतीय कोन शंखांवर असं काम बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. बलराम यांच्या गटाने आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) के. एस. कृष्णन यांनी केलं. ज्या जीवाचा जनुकीय साठा नाही तिथे क्रम वर्णपटावरूनच वाचावा लागतो. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वस्तुमान सारखंच असल्याने ते नुसत्या वस्तुमानावरून वेगळे ओळखता येत नाहीत, ही मर्यादा अहवालात लिहायची असते.

शिणाण्यांचं, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांचं, उदाहरणही असंच बोलकं आहे. खडकाला धरून ठेवणाऱ्या त्यांच्या चिकट प्रथिनात टायरोसिन या अमिनो आम्लाचं डोपा हे बदललेलं रूप होतं, म्हणजे वस्तुमानात 15.99 ची भर पडते. नमुना हाताळताना मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल हवेने ऑक्सिडाइझ झालं तरी नेमकी तेवढीच भर पडते. भर कोणत्या अमिनो आम्लावर आहे हे तुकड्यांच्या वर्णपटात दाखवता आलं नाही तर दावा टिकत नाही. हिरव्या शिणाण्याच्या अशाच एका प्रथिनात साखर जोडलेला बदललेला ट्रिप्टोफॅन 2009 मध्ये कॅलिफोर्नियात सापडला, तोही मास स्पेक्ट्रोमेट्रीनेच.

बाकीचे घोटाळे जगभर सारखे आहेत. केस आणि कातडीचं केराटिन नमुन्यात पडतं. युरियाचं द्रावण 37 अंशांपुढे तापवलं तर प्रथिनावर 43 डाल्टनची भर चढते. काही प्रकारचं डिटर्जंट राहिलं तर 44-44 च्या अंतराने शिखरांची रांग लागते.

गोव्यात वर्षाची आखणीही हवामान बघून करावी लागते. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, म्हणून जाळ्यात येणारे नमुने मेपर्यंत गोळा करून उणे 80 अंशांवर ठेवायचे. पावसाळ्यातल्या दमट हवेत माल्डीचे ठिपके हळू वाळतात, स्फटिक मोठे आणि विरळ पडतात, आणि एकाच ठिपक्यावर लेझर सरकवला की संकेत कमी-जास्त होतो. खोलीत डीह्युमिडिफायर लागतोच. पेप्टाइडं पुण्या-मुंबईच्या सुविधेकडे पाठवायची असतील तर व्हॅक्यूममध्ये पूर्ण सुकवून पाठवावीत. बर्फातलं द्रावण रातबशीच्या प्रवासात वितळलं, की अख्खा नमुना धोक्यात येतो.

वाट साधारण अशी: एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर 42,000. पीएचडीनंतर संशोधन संस्था, विद्यापीठ किंवा औषध कंपन्या. हाताशी यंत्र नसलं तरी सुरुवात करता येते. प्राइड या खुल्या साठ्यातून जगभरच्या प्रयोगांचा कच्चा विदा (डेटा) मोफत उतरवता येतो आणि मॅक्सक्वांट ही आज्ञावलीही मोफत आहे. तिच्या निकालाच्या तक्त्यात दूषकांच्या (बाहेरून मिसळलेल्या प्रथिनांच्या) ओळींवर वेगळी खूण असते. कोणताही निष्कर्ष वाचण्याआधी त्या ओळी काढून बघाव्यात, आणि त्यांत केराटिन किती आहे ते मोजावं.