घाट चढून आलेला ट्रक चहानंतर स्टार्ट का होत नाही?

कोकणातून देशावर जाणाऱ्या बहुतेक घाटांच्या माथ्यावर एखादं तरी 'कडक' ठिकाण असतं. चिरे भरलेला जुना ट्रक साखरप्याकडून आंबा घाट चढून वर येतो, ड्रायव्हर-क्लिनर चहाला उतरतात, वीस मिनिटांनी सेल्फ मारतात आणि गाडी काही केल्या स्टार्ट होत नाही. मग कुणीतरी सांगतं, इथला राखणदार कडक आहे, नारळ द्या. नारळ आणून, गाऱ्हाणं घालून, प्रसाद वाटून होईपर्यंत पाऊण तास जातो आणि गाडी पहिल्या सेल्फला घुर्रकन चालू होते. त्या पाऊण तासात इंजिनाच्या अंगाला लागून असलेला डिझेल पंप निवला, याची नोंद कुणी घेत नाही. श्रेय नारळाला जातं.

याच्या जोडीला एक यांत्रिक अंधश्रद्धाही आहे: 'डिझेलची वाफ झाली, लाइन लॉक झाली.' ही समजूत पेट्रोलच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांकडून आली. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, त्यामुळे तिथे वाफ खरोखर नळी अडवते. डिझेल उकळायला सुरुवात व्हायला दीडशे अंशांच्या पुढे जावं लागतं. ट्रकच्या डिझेल लाइनीत एवढी उष्णता नसते. जुन्या डिझेल ट्रकच्या बाबतीत वाफेचं कारण सोडून द्या.

उलट गरम डिझेल इंजिन थंड इंजिनापेक्षा सोपं सुरू व्हायला हवं. इथे ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण सतराव्या हिश्शात दाबली की ती 500 अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. भिंती आधीच तापलेल्या असल्या तर काम आणखी हलकं. म्हणून सकाळी नीट सुरू होणारी आणि गरम झाल्यावरच हटणारी गाडी दिसली की शोधाची जागा आपोआप आकसते. एक तर इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही, नाही तर पुरेसं डिझेल आत जात नाही.

पहिली फांदी आधी निकालात काढा, ती स्वस्त आहे. सकाळी थंड गाडीच्या सेल्फचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि गरम अवस्थेत पुन्हा करा. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 120 फेरे घेत असेल तर सेकंदाला सहा ठोके पडतात, चार सिलिंडरचं असेल तर चार. गरम असताना ठोके स्पष्टपणे मंदावले तर दोष विजेच्या बाजूला. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. म्हणजे सेल्फमधली तार 30 वरून 110 अंशांवर गेली की रोध जवळजवळ तीस टक्के वाढला. धडधाकट सेल्फ एवढं सोसतो. पण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने आधीच वाट लावलेली असते. केबलचं आवरण वरून धड दिसतं, आणि लगच्या (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाच्या) मागे बोटभर सोललं की आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी निघते. सेल्फ 400 अँपिअर ओढत असेल आणि एखाद्या जोडावर ओहमचा फक्त शंभरावा भाग रोध असेल, तरी 4 व्होल्ट तिथेच संपतात आणि 1600 वॉट उष्णता होते. इस्त्रीपेक्षा जास्त!

मोजायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (लगवर नव्हे, थेट खुंटीवर), दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्या माणसाने सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग बदला. मग हेच बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट असं करा. 24 व्होल्टच्या गाडीत या बाजूला एक व्होल्टपर्यंत चालून जातं. केबली चांगल्या निघाल्या तर सेल्फ उतरवून बुश (आतला दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) बघा. बुश झिजले की आर्मेचर, म्हणजे सेल्फमधला फिरणारा भाग, आतून घासतं. सेल्फ सलग पंधरा सेकंदांच्या वर मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाही तर दोष शोधता शोधता नवा दोष तयार होईल.

ठोके झपाझप पडतात आणि तरीही गाडी सुरू होत नाही? मग सायलेन्सरकडे बघा. पांढरा-करडा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय, पण पेटत नाही. व्हॉल्व्हचे टॅपेट फार कमी फट ठेवून घट्ट बसवले असतील तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत, दाब निसटतो, ते तपासा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. ज्या गाडीत चावीने चालणारा स्टॉप सोलेनॉइड (पंपाचं डिझेल चालू-बंद करणारी विजेची कळ) आहे, तिथे चावी फिरवल्यावर 'टक्' आवाज येतो का ते ऐका. गरम कॉइल कधी कधी दगा देते. बॅटरीवरून थेट वायर देऊन खात्री होते. लाइनीत हवा घुसत असेल तर सहसा रात्रभर उभी राहिलेली गाडीही सकाळी त्रास देते, म्हणून तो संशय इथे मागे ठेवायचा.

आता उरतो पंप. आणि खरी मौज इथेच आहे.

पंपात एक बारीक दट्ट्या बाहीत वरखाली होतो. गॅरेजमध्ये या जोडीला 'एलिमेंट' म्हणतात. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो आणि तो धरून ठेवायला इथे रबरी सील वगैरे काही नसतं. दट्ट्या आणि बाही यांतली फट एवढी अरुंद, काही मायक्रॉन, की त्यातून डिझेल सहज निसटत नाही. केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली तर ही फट त्याच्या वीस-तीसाव्या हिश्शाची.

फटीतून होणारी गळती तीन गोष्टींवर ठरते. फटीच्या रुंदीच्या घनावर: रुंदी दीडपट झाली की गळती 3.4 पट. द्रवाच्या दाटपणावर: निम्मा दाट, दुप्पट गळती. आणि वेळेवर: दट्ट्या जितका सावकाश वर येईल तितका डिझेलला पळून जायला अवकाश.

दाटपणाचा आकडा बघा. सध्याच्या भारतीय मानकानुसार डिझेलचा दाटपणा 40 अंशांना 2 ते 4.5 सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) हवा. ऐंशी अंशांच्या घरात तो साधारण निम्मा होतो, सकाळच्या नळाच्या पाण्याच्या जवळ येतो. गाडी चालू असताना वाहणारं डिझेल आणि वारा पंपाला थंड ठेवतात. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतात, पण तापलेल्या ब्लॉकची उष्णता पंपात मुरतच राहते. म्हणून लगेच सेल्फ मारला तर गाडी सुरू होते, आणि चहा संपेपर्यंत पंप सर्वांत गरम झालेला असतो.

आता समजा, नवा पंप सेल्फच्या वेगाने, थंड असताना, शंभर थेंबांतले दहा गमावतो. गरम असताना वीस. ऐंशी पोचतात, गाडी सुरू. फट दीडपट झिजली की थंड असताना चौतीस जातात, सहासष्ट पोचतात, सकाळ निभावते. गरम झाल्यावर अडुसष्ट जातात, बत्तीसच उरतात आणि नोझल नीट उघडतही नाही. पण तोच झिजलेला, तोच गरम पंप इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर असताना, म्हणजे सेल्फच्या बारा-पंधरा पट वेगाने चालताना, जेमतेम पाच-सहा थेंब गमावतो. म्हणूनच ड्रायव्हर शपथेवर सांगतो की 'पंप एकदम ओके आहे, घाट मस्त चढली.' तो खोटं बोलत नाही. घाट चढताना दट्ट्याला घाई होती, एवढंच.

खात्री करायची असेल तर गाडी हटलेली असतानाच ओलं फडकं पंपावर गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांत दोनतीनदा बदला, मग सेल्फ मारा. चटकन सुरू झाली तर निदान जवळजवळ पक्कं. रोटरी पंपाच्या (ज्यात एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो) हेडवर ही युक्ती विशेष बोलते. बादलीभर गार पाणी मात्र ओतू नका. बाहेरचा भाग आधी आकसतो, काही मायक्रॉनची फट चिमटली जाते आणि पंप जाम होऊ शकतो. ज्या इनलाइन पंपांना (दर सिलिंडरला वेगळा एलिमेंट असलेल्या) इंजिनचंच ऑइल जातं, तिथे डिपस्टिकही बघा. ऑइलची पातळी खाली जाण्याऐवजी वर आली आणि डिझेलचा वास आला, तर गळती कुठे जाते ते कळलं.

टाकीत इंजिन ऑइल ओतून डिझेल 'दाट' करणारेही आहेत. चार दिवस फरक पडतो, झीज तिथेच राहते. रॉकेलची भेसळ तर दुहेरी घात करते. ते डिझेलपेक्षा पातळ आणि वंगण म्हणूनही कमजोर.

डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे पंप दिलात तर एक गोष्ट स्पष्ट सांगा. टेस्ट बेंचवरचं ऑइल साधारण 40 अंशांवर ठेवलेलं असतं आणि घाईत फक्त वरच्या फेऱ्यांवरचं माप घेतलं जातं. तिथे झिजलेला एलिमेंटही पास होतो. पंपाच्या मिनिटाला 100 फेऱ्यांवर, म्हणजे स्टार्टिंगला, प्रत्येक लाइनीतून किती डिझेल येतं ते मोजून त्या पंपाच्या तक्त्याशी ताडायला लावा, आणि आकडे कागदावर लिहून घ्या.