मर्यादित सनद
लॉ शिकणाऱ्या पोट्ट्याले पूर्ण सनद (वकिलीचा परवाना) मिळायच्या आधी, एखाद्या वकिलाच्या देखरेखीखाली, ठराविक कामापुरतं कोर्टात उभं राहू देतात ती मर्यादित सनद. अमेरिकेत हे जुनं आहे, तिथल्या बार असोसिएशननं १९६९ साली याचा नमुना नियमच काढला, तिकडं पक्षकाराची लेखी संमती लागते आणि चुकलं तर मान देखरेख करणाऱ्या वकिलाची अडकते.

आपल्याकडं असं काही नाही. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणं रोलवर, म्हणजे वकिलांच्या अधिकृत यादीत, नाव नसताना कोर्टात वकिली केली तर कलम ४५ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद. फट एकच, कलम ३२, त्यात कोर्ट बिनसनदीच्या माणसाला बोलू देऊ शकतं, पण त्या एकाच केसपुरतं, अन् तेही जजसाहेबांच्या मर्जीवर.

वकिली अन् लॉच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमात तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे इंटर्नशिप आहे, पाच वर्षांच्याला २०. विदर्भातल्या तालुका कोर्टात हे आठवडे कसे जातात तर सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) पाहा, फायली पुकाऱ्याच्या क्रमानं लावा, सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकले तर मुदतीचा (पुढची तारीख मागायचा) अर्ज लिहून ठेवा, सही मात्र त्यांचीच. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणाचा कास्तकार आला की सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा आणला का ते विचारायचं, आणि तो "वकीलसाहेब" म्हणाला की मी अजून वकील नाही हे सांगायचं, जे अर्धे पोट्टे सांगतच नाहीत.

गंमत पुढं आहे. १९९५ मध्ये बार कौन्सिलनं सनदेआधी एक वर्ष ट्रेनिंग सक्तीचं केलं होतं, ते सुप्रीम कोर्टानं १९९९ ला उडवलं, कारण तसा नियम करायचा अधिकारच कौन्सिलला नाही असं तेव्हा कोर्टाचं म्हणणं होतं. म्हणून आज विद्यार्थी देखरेखीखालीसुद्धा हक्कानं मुदत मागू शकत नाही, अन् सनद हातात पडली की दुसऱ्या दिवशी एकट्यानं खुनाची केस चालवू शकतो, बार परीक्षा दोन वर्षांत पास केली म्हणजे झालं.

खरं शिकायला मिळतं ते तालुका विधी सेवा समितीत पॅरालीगल व्हॉलंटियर (कायद्याची माहिती देणारा स्वयंसेवक) होऊन. लॉचे विद्यार्थी त्यात चालतात, मोफत वकिलाचा अर्ज कसा भरायचा ते गावात जाऊन सांगतात, तिथं कोट लागत नाही.