पुण्याच्या पूररेषांचा वाद: पार्श्वभूमी

पानशेत पुणेकरांना नव्याने सांगायची गरज नाही. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, तो प्रश्न पावसापेक्षा बांधकामाचा होता. तरीही पुराचा विषय निघाला की गाडी तिथेच अडते. आजचा वाद वेगळा आहे. तो २०११ मध्ये आखलेल्या पूररेषांचा, म्हणजे पुराचं पाणी कुठपर्यंत येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषांचा.

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. मुठा नदीसाठी आकडे धरले ६० हजार आणि १ लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट पाणी). निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी-लालच्या मध्ये अटी घालून परवानगी. 'शंभर वर्षांतून एकदा' हे फ्लॅट घेणाऱ्याला ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का धोका. यंदा पूर येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी सुटका नाही. २० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, निळीपर्यंत ५६.

तीही जुन्या पावसाचं गणित आज लागू पडतं असं धरून. ह्यूस्टनमध्ये २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं 'पाचशे वर्षांतला' म्हणवणारा पूर आला. नेदरलँड्सने १९५३ च्या समुद्री पुरानंतर दाट वस्तीच्या किनाऱ्याला दहा हजार वर्षांचा निकष लावला. आपली घासाघीस शंभरावर चालते. मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे तर पुण्यातच, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत बसलेल्या शास्त्रज्ञांनीच २०१७ मध्ये दाखवून दिलंय.

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक सोडलं गेलं. निळीच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी. तरी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, माणसं बोटीतून काढावी लागली. आक्षेप घेणारे म्हणतात, रेषा आखताना धरणाखालच्या पाणलोटातला पाऊस आणि ओढे नीट धरलेच नाहीत. खडकवासल्याशी देणंघेणं नसलेल्या आंबिल ओढ्याच्या पुराने २०१९ च्या सप्टेंबरात एका रात्रीत काय केलं, ते त्याच्या काठच्या अरण्येश्वरात विचारावं. रेषा बरोबर मानणारी दुसरी बाजू पात्रातल्या राडारोड्याकडे बोट दाखवते. तेही खोटं नाही, पण ट्रक भरभरून तो पडत होता तेव्हा परवानग्या देणारे कुठे होते?

रेषांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. नदीकाठ सुधारणेचं काम मात्र मध्यंतरी चालूच राहिलं.