मेंढ्यांचे खाणे व पचन : ऋतुमानानुसार होणारे फरक

मेंढी वर्षभर सारखे खात नाही. दिवस मोठे होत गेले की तिची भूक वाढते, लहान होत गेले की उतरते. कुरणातले गवत बदलते हे याचे एक कारण, पण एकमेव नव्हे. निवाऱ्यात बांधून बारा महिने एकाच प्रतीचे खाद्य हवे तितके पुढे ठेवले, तरी हा चढउतार दिसतोच. कृत्रिम प्रकाशाने वर्षभराचे दिवसमान सहा महिन्यांत बसवले, तर भुकेचे चक्रही सहा महिन्यांत पुरे होते.

अंधार असेपर्यंत मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते, त्यामुळे रात्रीची लांबी शरीराला कळते. त्यावरून मेंदूतील अधश्चेतक भागात थायरॉइड संप्रेरकाची सक्रियता बदलते आणि भुकेवर परिणाम होतो. हे बदल सावकाश होतात. सर्वांत मोठा दिवस सरून काही आठवडे गेल्यावर खाणे शिगेला पोचते. स्कॉटलंडमधील सेंट किल्डा बेटांवरच्या सोए या प्राचीन जातीत हा फरक ठळक असतो, डॉरसेट हॉर्नसारख्या सुधारित जातीत बराच कमी. माजाच्या काळात नर मेंढ्याचे खाण्याकडे लक्षच नसते. मात्र खच्ची केलेल्या नरांतही हे चक्र चालते, म्हणजे सारा दोष माजाला देता येत नाही.

पचनातले फरक त्या मानाने लहान आणि गुंतागुंतीचे आहेत. खाणे कमी झाले की चारा पहिल्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, जास्त वेळ राहतो. चारा आंबवून फोडणाऱ्या तिथल्या सूक्ष्मजीवांना अवधी मिळतो आणि पचनीयता, म्हणजे खाल्ल्यापैकी पचणारा वाटा, थोडी वाढते. कडाक्याची थंडी नेमके उलट करते. लोकर कातरलेली मेंढी गारठली की रुमेनचे आकुंचन वाढते, चारा लवकर पुढे सरकतो आणि अर्धवट पचून बाहेर पडतो. अशा वेळी खाणे वाढते, पण पदरात कमी पडते. उष्म्यात खाणे घटते. रुमेनमधील किण्वनाची, म्हणजे चारा आंबण्याची, उष्णताही अंगावर येत असल्याने चोथायुक्त चारा आधी नकोसा होतो.

कुरणाचा वाटा यावर चढतो. कोवळ्या गवताची पचनीयता ७५ ते ८० टक्के असते, जून होऊन वाळलेल्याची ५० टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. शुष्क भागात चाऱ्यातील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांहून कमी झाली, की सूक्ष्मजीवांची उपासमार होते. मग पोट भरलेले राहते आणि मेंढी खाणे सोडते.

म्हणूनच खाद्यचाचणीत तुलनेचे सगळे गट एकाच काळात ठेवावे लागतात. एक गट मोठ्या दिवसांत आणि दुसरा लहान दिवसांत तपासला, तर खाद्याच्या नावावर दिवसमानाचा फरक खपून जातो.